भावंडांचे गाणे आणि मराठी विभागांचे मौन

१

मराठी वाङ्मयाच्या इतिहासातला पहिला मोठा अध्याय भावंडांचा आहे. निवृत्ती, ज्ञानदेव आणि सोपान हे तीन भाऊ आणि त्यांची बहीण मुक्ता. दुसरा अध्यायही घरांचाच आहे. नामदेवांच्या घरी गोणाई, राजाई, नारा, विठा, गोंदा, महादा आणि त्याच घरात राबणारी जनाबाई. चोखोबांच्या घरी सोयराबाई, निर्मळा, बंका आणि कर्ममेळा. एकाच छपराखालची माणसे एकाच छंदात गातात आणि त्यातून एक वाङ्मयप्रकार उभा राहतो, ही घटना आपल्याला इतकी ओळखीची आहे की तिचे नवल वाटेनासे झाले आहे. यांचे अभंग आपण पदवीच्या पहिल्या वर्षापासून शिकवतो. ते गायले जात होते, लोकांना तोंडपाठ होते, त्यांना पाठभेद होते आणि बरेचसे फार उशिरा कागदावर आले, हेही आपण शिकवतो. म्हणजे गाणारे कुटुंब हा साहित्याच्या अभ्यासाचा विषय होऊ शकतो, हे तत्त्व म्हणून आपण केव्हाच मान्य केलेले आहे.

प्रश्न एवढाच की हे तत्त्व तेराव्या-चौदाव्या शतकाला लागू पडते, तर विसाव्या शतकाला का लागू पडत नाही? मंगळवेढ्याचे एक घराणे तीन पिढ्या गाते आहे. प्रल्हाद शिंदे, त्यांचे पुत्र आनंद, मिलिंद आणि दिनकर, आणि आनंद शिंदे यांचे पुत्र हर्षद, उत्कर्ष आणि आदर्श. महाराष्ट्रात या आवाजांपैकी एखादा आवाज ज्याने ऐकलेला नाही असा माणूस शोधावा लागेल. मराठी विभागांत मात्र या घराण्याचे नाव निघालेच तर चहाच्या सुट्टीत निघते, आणि तेही हसून.

या हसण्याविषयी मला बोलायचे आहे. वसमतहून लिहिताना ते अधिक बोचते. संत नामदेवांची नरसी आणि औंढा नागनाथ ही दोन्ही ठिकाणे आमच्याच हिंगोली जिल्ह्यात आहेत. औंढ्याची आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. कीर्तनाला उभ्या राहिलेल्या नामदेवांना देवळापुढून हुसकावले, ते मागच्या बाजूला जाऊन गाऊ लागले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. देऊळ फिरले, आमची अभ्यासमंडळे मात्र जागची हललेली नाहीत.

२

आधी थोडा तपशील मांडतो, कारण हसण्यासाठी तपशील लागत नाही, वादासाठी लागतो.

प्रल्हाद शिंदे यांचा जन्म १९३३ चा. आईवडील, सोनाबाई आणि भगवानराव, भजन-कीर्तनावर गुजराण करणारे. मुलगा त्यांच्याबरोबर गात वाढला, पुढे इस्माईल आझाद यांच्या कव्वाली पार्टीत कोरसमध्ये उभा राहिला आणि तेथून स्वतंत्र गायक झाला. विठ्ठलाची गीते, कव्वाली, लोकगीते आणि भीमगीते असे चारही प्रवाह त्यांच्या गळ्यात एकाच वेळी वाहत होते. आषाढीला गावोगावच्या कर्ण्यांवर जो आवाज वाजतो, तोच १४ एप्रिलला निळ्या झेंड्यांखाली वाजतो. २३ जून २००४ रोजी ते गेले. त्याच वर्षी १५ मे रोजी वामनदादा कर्डक गेले होते. आंबेडकरी गीताचा सर्वांत मोठा कवी आणि त्याच्या सर्वांत मोठ्या गायकांपैकी एक, दीड महिन्याच्या आत. साहित्याच्या इतिहासात एका युगाची अखेर म्हणून नोंदवावी अशी ही गोष्ट आहे. किती वाङ्मयेतिहासांत ती नोंदवली गेली, हे प्रत्येकाने आपल्या विभागाच्या ग्रंथालयात जाऊन पाहावे.

पुत्रांची नावेही वाचण्यासारखी आहेत. पिता प्रल्हाद, म्हणजे पुराणातला भक्त. पुत्र आनंद, म्हणजे बुद्धाचा शिष्य. मिलिंद म्हणजे नागसेनाला प्रश्न विचारणारा राजा. १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत बाबासाहेबांनी काढलेले महाविद्यालय पुढे ज्याच्या नावाने ओळखले गेले तो. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर घराघरांतल्या पाळण्यांत जी नावे घुमू लागली, त्यांतलीच ही दोन. योगायोग असा की त्याच सुमारास हिंदी चित्रपटसृष्टीत 'आनंद-मिलिंद' नावाची दुसरीच जोडी, संगीतकार चित्रगुप्त यांच्या पुत्रांची, प्रसिद्धीला आली. गाव एकीला ओळखत होते आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्या दुसरीला.

आनंद शिंदे घरोघर पोहोचले ते ऐंशीच्या दशकात, 'नवीन पोपट हा' या गाण्याने आणि कॅसेटने. कॅसेट हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. ग्रामोफोनची तबकडी काढायला मोठी कंपनी आणि तिची मर्जी लागे. कॅसेट स्वस्तात भरता येई, स्वस्तात तिच्या प्रती निघत आणि ती ऐकायला टेबलावरचे मोठे यंत्र लागत नसे. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात उत्तर भारतातल्या कॅसेटसंस्कृतीची चिकित्सा करून दाखवले की या छोट्या डबीने संगीताच्या बाजारावरची मूठभरांची पकड सैल केली आणि बोलींना, जातसमूहांना, प्रदेशांना स्वतःचा आवाज विकत घेण्याची सोय झाली. मराठीत हेच घडले आणि त्याचा सर्वांत ठळक आवाज शिंदे बंधूंचा होता. मोंढ्यातल्या हमालाला, टेंपोचालकाला, वीटभट्टीवरच्या कुटुंबाला आपल्या पैशाने आपल्या आवडीचे गाणे निवडून ऐकता येऊ लागले. ग्रंथव्यवहारात हा वर्ग कधीच ग्राहक नव्हता. येथे तो ग्राहक होता, म्हणून त्याची अभिरुची मोजली जाऊ लागली. एखाद्या वाङ्मयप्रकाराचा वाचकवर्ग असा आमूलाग्र बदलला असता तर आपण परिसंवाद घेतले असते.

पुढची पिढी चित्रपटात आणि दूरचित्रवाणीवर पोहोचली. आदर्श शिंदे यांचा आवाज २०१३ च्या 'दुनियादारी'पासून मध्यमवर्गाच्या घरांतही रुळला. २०१९ साली बाबासाहेबांवरील मालिका सुरू झाली, तिच्या शीर्षकगीतामागे उत्कर्ष आणि आदर्श हे दोघे भाऊ होते. नोव्हेंबर २०२० मध्ये विधान परिषदेवर राज्यपालनियुक्त सदस्य म्हणून राज्य सरकारने शिफारस केलेल्या बारा नावांत आनंद शिंदे यांचे नाव होते. ती यादी कधीच मंजूर झाली नाही आणि २०२२ मध्ये नव्या सरकारने ती मागे घेतली. त्या राजकारणात मला येथे शिरायचे नाही. परंतु राज्यघटनेच्या ज्या कलमान्वये अशी नावे सुचवली जातात त्यात साहित्य आणि कला हे शब्द एकाच ओळीत येतात. घटनेने ज्यांना एका ओळीत बसवले त्यांना आपण एका वर्गात बसू देत नाही.

३

पहिली हरकत सर्वांना पाठ आहे: ही गाणी सवंग आहेत, द्व्यर्थी आहेत.

आहेत. काही निश्चित आहेत. पण ही हरकत घेणारा प्राध्यापक पुढच्याच तासाला शाहिरी वाङ्मय शिकवायला जातो. होनाजी बाळा, सगनभाऊ, परशराम, रामजोशी यांच्या शृंगारिक लावण्यांत द्व्यर्थ नाही काय? तेथे त्याला आपण रस म्हणतो, कल्पनाविलास म्हणतो, उत्तर पेशवाईतल्या विलासी जीवनाचे प्रतिबिंब म्हणतो. द्व्यर्थी ओळीवर दोनशे वर्षांची धूळ बसली की ती वाङ्मय होते आणि तीच ओळ टेंपोत वाजली की ती सवंग, हा निकष अभिरुचीचा नाही. तो अंतराचा आहे, आणि ते अंतर काळाचे जितके आहे तितकेच जातीचे आणि वस्तीचे आहे.

शिवाय सवंगतेचा आरोप करणाऱ्याने आधी ऐकलेले असावे लागते. एका पोपटाच्या गाण्यावरून तीन पिढ्यांच्या गायनाचा निकाल लावणे म्हणजे एका लावणीवरून सबंध शाहिरीचा निकाल लावणे. हे दुसरे काम आपण विद्यार्थ्याला करू देत नाही. उत्तरपत्रिकेत त्याचे गुण कापतो.

४

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे, आणि ती बाहेरून येत नाही, चळवळीच्या आतून येते. ज्या तोंडाने भीमगीत गायचे त्याच तोंडाने विठ्ठल गायचा आणि त्याच तोंडाने पोपट गायचा, हा संधिसाधूपणा नव्हे काय? बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाच्या गायकाने देवाला आळवावे काय?

या प्रश्नाला मी हसण्यावारी नेणार नाही. तो खरा प्रश्न आहे आणि तो विचारण्याचा त्या समाजाचा अधिकार पूर्ण आहे. मात्र साहित्याच्या अभ्यासकाने न्यायाधीश होण्यापूर्वी दोन गोष्टी पाहायला हव्यात.

एक म्हणजे पोटाची. कवितेला मानधन नसते, पण कवीला बहुधा पगार असतो. गाण्याला मानधन असते, पण गायकाला पगार नसतो. आपले अनेक मान्यवर कवी महाविद्यालयांत, बँकांत, सरकारी कचेऱ्यांत नोकरीला होते. त्यांच्या कवितेची शुद्धता महिन्याच्या एक तारखेने सांभाळली. ज्याचे घर, ज्याचे ढोलकीवाले, कोरसवाले आणि त्यांची घरे पुढच्या कार्यक्रमाच्या सुपारीवर चालतात, त्याला बारा महिन्यांचे कॅलेंडर गावे लागते. आषाढी, गणपती, नवरात्र, लग्नसराई, जयंती. तमाशाच्या फडात गण, गवळण आणि वग एकाच रात्री एकाच संचाने सादर व्हायचे. गवळण गाणाऱ्याने वगात विनोद का केला असे कोणी विचारले नाही. भीमराव कर्डकांसारख्या कलावंतांनी आंबेडकरी जलसा उभा केला तो याच साच्यातून. साचा तमाशाचा ठेवला आणि आशय बदलला. तेव्हा एका गळ्यातले अनेक सूर ही आपल्या लोकरंगभूमीची जुनी रीत आहे. लावण्या रचणारे रामजोशी पुढे कीर्तनाकडे वळले, तर आपण त्याला जीवनातले वळण म्हणतो. शिंदे यांनी दोन्ही एकाच वर्षात केले तर संधिसाधूपणा?

दुसरी गोष्ट विठ्ठलाची. चोखोबांचा मृत्यू मंगळवेढ्यात झाला. १३३८ साली वेशीच्या बांधकामावर राबताना ते गाडले गेले आणि त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर, देवळाबाहेर आहे. आवाज आत गेला, देह पायरीशी राहिला. त्याच मंगळवेढ्याच्या एका कुटुंबाचा आवाज सहा शतकांनी साऱ्या वारीच्या वाटेवर वाजतो आणि ऐकणारा त्या आवाजाची जात विचारत नाही. यात समरसतेचा पुरावा शोधू पाहणाऱ्यांनी घाई करू नये. आवाजाची जात न विचारणारा तोच माणूस गावी परतल्यावर देहाची जात विचारतो, आणि हीच तर चोखोबांची कथा आहे. उलट यात निव्वळ शरणागती पाहणाऱ्यांनीही घाई करू नये. ज्याला आत येऊ दिले नाही त्याच्या गळ्यावाचून आतल्यांचा उत्सव पुरा होत नाही, हे साधे वास्तव नव्हे. एखाद्या कादंबरीत हा ताण आला असता तर आपण त्यावर प्रबंध लिहवून घेतले असते. तो एका घराण्याच्या कारकिर्दीत उघडपणे आहे, म्हणून कोणाला दिसत नाही.

५

तिसरी हरकत पद्धतीची आहे: गायक हा लेखक नव्हे, शब्द दुसऱ्याचे, मग साहित्याचा विषय कोणता?

येथे मला आक्षेपकांशी अर्धे सहमत व्हायचे आहे. शब्द दुसऱ्याचे आहेत हे खरे, आणि त्या दुसऱ्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत हा या साऱ्या प्रकरणातला सर्वांत मोठा अन्याय आहे. भीमगीताचा कवी गाण्याच्या अखेरच्या कडव्यात स्वतःचे नाव गुंफतो. ही नाममुद्रेची रीत थेट अभंगातून आली. अनेक कवींची तेवढीच खूण शिल्लक आहे. कॅसेटच्या वेष्टनावर गायकाचा फोटो मोठा, कवीचे नाव बारीक. पुढे गाणी संगणकावर आणि मोबाइलवर गेली तेव्हा ते बारीक नावही अनेकदा गळाले. पण यातून निष्कर्ष कोणता निघतो? विषय सोडून द्यावा हा, की विषय तातडीने हाती घ्यावा हा? सोयराबाईंच्या अभंगांची आपण 'चोखियाची महारी' या खुणेवरून वर्गवारी करतो. तीच साधने येथे वापरता येतात. नाममुद्रा, पाठभेद, चाल आणि शब्द यांचा संबंध, एका गाण्याची गावोगावची रूपे. ही सारी मराठीच्या प्राध्यापकाच्या पेटीतली हत्यारे आहेत.

हे काम कोणी केलेच नाही असे नाही. शर्मिला रेगे यांनी २००८ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त लिहिलेल्या लेखात दीक्षाभूमी आणि चैत्यभूमीवरच्या पुस्तिकांचा, गाण्यांचा आणि कॅसेटींचा विचार केला, आणि त्यातून होणाऱ्या ज्ञानव्यवहाराला 'विवेकशून्य विभूतिपूजा' म्हणून मोडीत काढण्याचा प्रतिवाद केला. आनंद पटवर्धन यांनी 'जय भीम कॉम्रेड'मध्ये, १९९७ च्या रमाबाई नगर गोळीबारानंतर आत्महत्या केलेल्या विलास घोगरे या शाहिरापासून सुरुवात करून या गाण्यांचा माग काढला. म्हणजे समाजशास्त्राने ऐकले, माहितीपटाने ऐकले. मराठी विभागांत वामनदादांवर प्रबंध झाले, पण तेही प्रामुख्याने छापील गीतसंग्रहांवर. म्हणजे गाण्याचे आधी पुस्तक व्हावे, मग आम्ही त्याला ओळखू. दलित साहित्याला प्रस्थापित समीक्षेने एके काळी हेच सांगितले होते: आधी आमच्यासारखे लिहा. ते साहित्य आता अभ्यासक्रमात आहे, आणि त्याचेच शिक्षक तीच अट आता गाण्याला घालत आहेत. यातला विरोधाभास कोणाला दिसत नसेल असे मला वाटत नाही.

मराठवाड्याला तर ही चैन मुळीच परवडणारी नाही. २७ जुलै १९७८ चा नामांतराचा ठराव, त्यानंतरची जाळपोळ, टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे, १९९३ साली नांदेडमध्ये आत्मदहन करणारे गौतम वाघमारे आणि १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार. या सोळा वर्षांचा इतिहास पुस्तकांत थोडा आणि गाण्यांत फार आहे. आमच्या भागाचे नांदेडचे विद्यापीठही त्याच १९९४ सालचे. त्या इतिहासाच्या गाण्याला बाहेर ठेवून मराठवाड्याचे वाङ्मय शिकवता येईल असे ज्यांना वाटते, त्यांनी ते कसे शिकवायचे हे सांगावे.

६

एवढे म्हटल्यावर उलट बाजूच्या भक्तांशीही भांडायला हवे. 'शिंदेशाही' हा शब्द अलीकडे कौतुकाने वापरला जातो. घराण्याचा अभिमान समजू शकतो. परंतु शाही हा शब्द आंबेडकरी परंपरेत बसतो काय, हे जरा थांबून पाहावे. आणि घराणे म्हणताना आपण कशाचे कौतुक करतो आहोत? आईवडिलांच्या मागे फिरत गाणारे मूल ही केवळ संगीताची तालीम नाही, ती भाकरीची गरजही आहे. कला वारशाने येते असे म्हणताना व्यवसायही वारशानेच येत होता हे विसरता येत नाही. उत्कर्ष शिंदे वैद्यकीय पदवी घेऊन मग गातात, ही म्हणूनच महत्त्वाची घटना आहे. तिसऱ्या पिढीत गाणे प्रथमच निवड होऊ शकते.

जगात अशी उदाहरणे आहेत आणि त्यांच्याशी तुलना करावी. अमेरिकेतल्या गॅरी या पोलादाच्या गावातून, कारखान्यात राबणाऱ्या बापाने आपल्या पाच मुलांचा 'जॅक्सन फाइव्ह' उभा केला. मोटाऊन कंपनीकडून निघालेली त्यांची पहिली चारही गाणी १९७० मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. पुढे त्यांनी कंपनी सोडली तेव्हा आपले नावही आपले नाही हे त्यांना कळले. नाव मोटाऊनकडे राहिले आणि भावांना 'जॅक्सन्स' व्हावे लागले. या कहाणीवर तिकडे ग्रंथ लिहिले गेले, ते केवळ चाहत्यांनी नव्हे, तर वंश, श्रम, बालपण आणि मालकी यांचा विचार करणाऱ्या अभ्यासकांनीही. आपल्याकडे कॅसेटच्या बाजारात गायकाला काय मिळाले, कवीला काय मिळाले, हक्क कोणाकडे राहिले, हे प्रश्न भक्त विचारत नाहीत कारण त्यांना आरती हवी असते, आणि समीक्षक विचारत नाहीत कारण त्यांना विषयच नको असतो.

आणि शेवटचा प्रश्न. ज्ञानदेवांच्या भावंडांत मुक्ता होती, आणि ताटी लावून बसलेल्या भावाला समजावणारी ती होती. चोखोबांच्या घरात सोयरा आणि निर्मळा होत्या. या घराण्याच्या रंगमंचावर मात्र पिता, पुत्र आणि नातू आहेत. भीमगीताला स्त्रियांचा गळा नव्हता असे मुळीच नाही. सुषमादेवी होत्या, आणि आज एकतारी घेऊन गाणाऱ्या कडुबाई खरात आहेत. पण घराण्याचा वारसा म्हणताना तो आपोआप मुलग्यांकडे जातो आणि गाण्यातली बाई पुष्कळदा पोपटाच्या पिंजऱ्याशी राहते. द्व्यर्थी गाण्यावरची खरी टीका येथून करता येते. ती नाक मुरडून होणार नाही, ऐकूनच होईल.

७

मग करायचे काय? फार मोठे काही नाही. पदव्युत्तर वर्गात एखादी श्रेयांकांची पत्रिका 'गायिले गेलेले आधुनिक मराठी काव्य' या विषयाला द्यावी. विद्यार्थ्यांना घरी पाठवावे. आमच्या वर्गांत बसणाऱ्या मुलामुलींपैकी कितीतरी जणांच्या घरी माळ्यावर किंवा ट्रंकेत कॅसेटी पडून आहेत. प्रत्येक कॅसेटचे वेष्टन उतरवून घ्यावे. गायक, कवी, संगीतकार, कंपनी, किंमत. शेवटच्या कडव्यातले नाव टिपावे. गावातल्या गायन पार्टीतले वृद्ध अजून आहेत, त्यांना विचारावे की हे गाणे तुम्ही कसे गात होता. अशा शंभर नोंदी झाल्या की एक सूची होईल, आणि सूचीवाचून कोणत्याही वाङ्मयाचा इतिहास लिहिला गेलेला नाही.

घाई एवढ्यासाठी की चुंबकीय फीत चिरंजीव नसते. दमट हवेत तिला बुरशी लागते, तिचा लेप सुटतो, आणि ती वाजवणारी यंत्रे तर तिच्याही आधी भंगारात गेली. तुकोबांच्या गाथेविषयी आपण अभिमानाने सांगतो की ती लोकांच्या मुखांत होती म्हणून बुडाली नाही. प्रल्हाद शिंदे आणि त्यांच्या मुलांची गाणीही लोकांच्या मुखांत आहेत. ती बुडणार नाहीत. ज्यांनी ती लिहिली त्यांची नावे मात्र बुडतील, आणि त्याची जबाबदारी पाण्यावर ढकलता येणार नाही.